बँडमधल्या पोरांच्या ओठांकडे कुणी पाहील का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात पहिल्या पानावर एका बँडचे छायाचित्र आले होते. स्वागत कमानीखाली ट्रंपेट वाजवणारा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, गाल फुगलेले, डोळे गच्च मिटलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या. खाली ओळ होती, तरुणाईचा जोश. छायाचित्र उत्तम होते, छायाचित्रकाराचे कौतुकच. पण मी उभे आयुष्य ट्रंपेट वाजवण्यात घालवले आहे आणि मला त्यात जोशाआधी त्या पोराचा डावा हात दिसला. तो हात ट्रंपेट नुसते धरत नव्हता, तोंडावर ओढत होता. उजव्या हाताची करंगळी वाद्यावरच्या पितळी आकड्यात अडकवलेली, तीही ओढत होती. माऊथपीसची, म्हणजे ओठांना टेकवायच्या पितळी तोंडाची, कड वरच्या ओठात इतकी रुतली होती की तिच्याभोवतीची कातडी पांढरी पडली होती. हे असेच चालू राहिले तर काही हंगामांत त्याचा ओठ कामातून जाईल, आणि ते त्याला सांगायला त्याच्या आसपास बहुधा कुणी नसेल. म्हणून हे पत्र लिहितो आहे. जरा लांबेल, पण छापावे ही विनंती.

मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये होतो. पचमढीला लष्कराच्या संगीत विभागात शिकलो, नोकरीची बरीच वर्षे बेळगावला काढली, निवृत्त झाल्यावर मिरजेला आलो. लग्नाच्या बँडमधली पोरे अधूनमधून माझ्याकडे येतात. बहुतेक जण एकच तक्रार घेऊन येतात, "काका, वरचा सूर लागत नाही." तोंड उघडायला सांगितले, ओठ उलटून पाहिला, की आतल्या बाजूला दातांचे ठसे दिसतात. कुणाच्या ओठाला आतून गाठ झालेली असते. एकाला तर माऊथपीस जिथे टेकतो तिथे बोट लावलेले कळतच नव्हते. त्याचे वय अठरासुद्धा नव्हते.

आपल्याकडे बँडमध्ये पोरगा शिरतो कसा, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी तो झांज वाजवतो, नाहीतर डोक्यावर दिव्याची कुंडी घेऊन चालतो. मग एखाद्या हंगामाच्या तोंडावर कुणी ट्रंपेटवाला दुसऱ्या पार्टीत निघून जातो आणि त्याचे वाद्य ह्याच्या हातात येते. "फुंक, येईल आपोआप." आवाज येतोही. आवाज आला की दोन-चार गाण्यांच्या कळा दाखवतात, गणवेश चढवतात आणि वरातीत उभे करतात. वरातीत वरच्या सुराला आवाज फुटेना झाला की शेजारचा ओरडतो, "दाब की जरा!" पोरगा दाबतो आणि सूर निघतो. सगळा घोटाळा इथेच आहे. दाबल्याने सूर खरोखर निघतो, म्हणून पोराला वाटते हीच रीत.

दाबल्यावर होते काय? ओठ दात आणि पितळ यांच्यामध्ये चेपला जातो, ताणला जातो, म्हणून क्षणभर उंच सूर देतो. पण चेपलेल्या ओठात रक्त फिरत नाही. पाच-दहा मिनिटांत तो बधिर होतो, मग सुजतो. सुजलेला ओठ कंप पावत नाही, म्हणून पोरगा आणखी दाबतो. वरात देवळापासून कार्यालयापर्यंत पोहोचेतो तो ओठाने वाजवतच नसतो, हाताच्या जोराने वाजवत असतो.

ट्रंपेटची नळी उलगडली तर जेमतेम दीड मीटर भरते. तिच्यात क्लॅरिनेटसारखी पत्ती नाही, आवाज तयार होतो तो माणसाच्या दोन ओठांतून. 440 कंपनांचा सूर वाजतो तेव्हा ओठ एका सेकंदात 440 वेळा उघडतात आणि मिटतात. तीन कळा आहेत. मधली दाबली की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिली दाबली की पूर्ण स्वराने, तिसरी दाबली की दीड स्वराने. बाकी सगळे ओठांकडे आणि दमाकडे. एकही कळ न दाबता नुसत्या ओठांवर सा, प, वरचा सा, त्याचा ग, त्याचा प असे चढत जाता येते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे कधी कुणी दाखवलेलेच नसते. कळा हलवल्या की सूर बदलतो एवढेच ते शिकलेले असतात.

पचमढीला आमच्या उस्तादांनी पहिले काही दिवस ट्रंपेटला हात लावू दिला नव्हता. हातात आरसा दिला. "म" म्हणताना ओठ जसे सहज मिटतात तसे मिटायचे, वरचे-खालचे दात मात्र आतून थोडे सुटे ठेवायचे, आणि मधून बारीक फट काढून हवा सोडायची. ओठांतून भुणभुण उमटली पाहिजे. मग तेच नुसत्या माऊथपीसवर. ट्रंपेट त्यानंतर. सोबत एक पितळी कडी असायची, माऊथपीसची फक्त कड, मागे दांडी. ती ओठांवर टेकवून आरशात पाहिले की आत ओठ काय करतात ते उघड दिसायचे. मधला भाग मऊ राहिला पाहिजे, कारण कंप तिथे आहे. कस लागायला हवा तो तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना. कोपरे दातांशी घट्ट धरून ठेवायचे, हनुवटी खाली सपाट, गाल आत. वर चढताना कोपरे किंचित आवळायचे, हवेचा वेग वाढवायचा, जीभ तोंडात थोडी वर उचलायची. हाताने काहीही करायचे नाही.

आणि हसायचे नाही. ही खोड पोरांमध्ये मला फार दिसते. उंच सुराला ते ओठ कानापर्यंत ताणतात. ताणलेला ओठ पातळ होतो, सूर चिरका येतो, आणि पातळ ओठाला पितळेची कड लवकर चावते.

माऊथपीस नेमका कुठे टेकवायचा, यावर वाजवणाऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद आहेत. पॅरिसचे आर्बां, ज्यांचे 1864 मधले धडे आजही जगभर गिरवले जातात, ते सांगत की खालच्या ओठावर दोन भाग आणि वरच्यावर एक. फ्रेंच हॉर्न वाजवणारे बरोबर उलटे सांगतात, वरच्यावर दोन भाग. माझे मत विचाराल तर निम्मे-निम्मे किंवा त्याच्या अलीकडे-पलीकडे, जिथे त्या माणसाचा सूर मोकळा होतो तिथे. ज्याचा पुढचा दात वाकडा आहे त्याच्या तोंडावर माऊथपीस मधोमध बसवण्याचा हट्ट धरू नये. जरा डावीकडे, जरा उजवीकडे गेला तर काही बिघडत नाही. एका गोष्टीबद्दल मात्र मी कडक आहे. माऊथपीसची वरची कड ओठाच्या लाल, नाजूक भागावर येऊ द्यायची नाही. ती त्याच्या वर, कातडीवर टेकली पाहिजे. लाल भाग कडेच्या आत, मोकळा. तो लाल भाग सततचा दाब सोसण्यासाठी नाही.

मी राहतो त्या गावात तंबोरे घडतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारमेकर गल्लीत जाऊन कारागीर जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, कधी बघावे. तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवला की आवाज उघडतो, केसभर मागे गेला की मिटतो. कारागीर तासभर त्या दोऱ्याशी बसतो आणि कुणी त्याला घाई करत नाही. ट्रंपेटवाल्याच्या ओठाचे काम याच जातीचे आहे. पण तंबोऱ्याच्या जवारीसाठी ज्या गावात माणसे तासभर थांबतात, त्याच गावात बँडच्या पोराला ओठ बसवायला कुणी आठवडाही देत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांना वाटते की मी उगाच घाबरवतो आहे, त्यांनी मोठ्यांची उदाहरणे पाहावीत. लुई आर्मस्ट्राँग यांच्याहून मोठा ट्रंपेटवादक सांगता येणार नाही. 1930 च्या दशकात त्यांचा ओठ इतका दुखावला की काही काळ वाजवणे थांबवावे लागले, आणि वरच्या ओठावरचा तो व्रण शेवटपर्यंत राहिला. ते जर्मनीतल्या मानहाइमहून ओठांचे मलम मागवून वापरत. दुसरे अमेरिकन ट्रंपेटवादक फ्रेडी हबर्ड यांचा वरचा ओठ 1992 मध्ये फाटला, त्यात पू झाला, आणि पुढे त्यांचे पहिले वादन परत आले नाही. तोंडाभोवती जो गोल स्नायू आहे तो ट्रंपेटवाल्यांचा फाटतो, हे प्लानास नावाच्या शल्यविशारदांनी 1982 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आणि त्या दुखण्याला आर्मस्ट्राँग यांच्याच टोपणनावावरून नाव दिले. मोठ्या शहरांत, मोठ्या पगारावर वाजवणाऱ्यांची ही गत. वरातीमागे जनरेटरच्या धुरात चालणाऱ्या आमच्या पोराकडे ना मलम, ना डॉक्टर, ना भरपगारी सुट्टी.

पोरे मला मोबाइलवर अमेरिकन ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी दाखवतात. "बघा काका, ह्यांचे गाल केवढे फुगतात!" खरे आहे, त्यांचे गाल बेडकाच्या गळ्याइतके फुगत आणि तरीही ते अशक्य वाटावे असे वाजवत. पण गाल फुगले की हवा पुढे जाण्याऐवजी तोंडातच पसरते आणि कोपरे सुटतात. मग सैल पडलेल्या ओठांना आधार म्हणून पुन्हा हातच दाब देतो. गिलेस्पींना ते साधले, त्यांच्यामागे गाल फुगवणाऱ्या बाकीच्यांना साधले नाही. मी पोरांना कागदाचा छोटा तुकडा भिंतीला लावून फुंकेने धरून ठेवायला लावतो. गाल फुगवले की कागद खाली पडतो. तोंडाने समजावण्यापेक्षा हे लवकर कळते.

हात दाब देतो की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. ट्रंपेट डाव्या तळहातावर नुसते ठेवायचे, बोटे न मिटता, आणि मधला प लावायचा. दाबायला पकडच नाही, तेव्हा सूर आला तर तो ओठांचा आणि दमाचा. पहिल्यांदा सगळे चाचरतात, फुसफुस येते, ट्रंपेट घसरते. रोज थोडा वेळ केले तर काही आठवड्यांत सा-प-सा असा चढउतार तळहातावर जमायला लागतो. करंगळीचेही तसेच. ती आकड्यात घालायची नाही, आकड्यावर ठेवायची. आकडा आहे तो एका हाताने पान उलटताना वाद्य धरता यावे म्हणून, तोंडावर ओढायला नव्हे.

गोव्याची गोष्ट इथे सांगायला हवी. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना आधी सोलफेज शिकवत, म्हणजे स्वर वाचून गळ्याने म्हणायचे. वाद्य नंतर हातात. त्या वातावरणातून आलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि मग चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. हळदोण्याचे चिक चॉकलेट या नावाचे वादक मुंबईत ताजमध्ये ट्रंपेट वाजवत आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या संगीतातही त्यांचा हात होता. आमच्याकडे क्रम उलटा लागला आहे. आधी वाद्य, लगेच वरात, आणि शिकणे कधी जमले तर. ज्या गाण्यांवर आपण वरातीत नाचतो त्यांतले ट्रंपेट शिस्तीत शिकलेल्यांनी वाजवलेले आहे. तेच सूर न शिकलेल्या ओठांकडून आपण रस्त्यावर वसूल करतो.

आता बँडमालकांना काही सांगतो. रागावू नका, धंदा किती ओढगस्तीचा झाला आहे ते मी बघतो. डीजेने आणि बेंजो पार्ट्यांनी तुमच्या निम्म्या सुपाऱ्या नेल्या, हेही माहीत आहे. पण माऊथपीस प्रत्येक पोराला स्वतःचा द्या. बँडमध्ये एकच माऊथपीस दोघे-तिघे वापरतात. एकाच्या ओठावर ताप फुटला की दुसऱ्याच्याही फुटतो, आणि फुटलेल्या ओठाने वाजवायला लावले की जखम चिघळते. बरीच वाद्ये मेरठहून येतात, त्यांच्या माऊथपीसचा मुलामा दोन-तीन वर्षांत उडतो आणि खालचे पितळ उघडे पडते. त्याला हिरवट थर चढतो, ओठाला खाज सुटते, पुरळ येते. मुलामा परत चढवून घेता येतो. नवा माऊथपीस घेतलात तरी त्याची किंमत एका सुपारीच्या मानाने काहीच नाही. माऊथपीस रोज कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा. थंडीत तो उघडा ठेवू नका. दिल्लीला जानेवारीत बीटिंग रिट्रीटच्या सरावाला आम्ही माऊथपीस मुठीत नाहीतर खिशात धरून उभे राहत असू, कारण गार पितळ ओठाला लागले की पहिले काही सूर हमखास फाटायचे.

दुसरे, मावा. याबद्दल मी फार स्पष्ट बोलतो म्हणून काही पोरे परत येत नाहीत. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण मावा कोपऱ्याकोपऱ्यावर मळून मिळतो आणि वरातीच्या आधी निम्मा बँड गालात भरून उभा असतो. चुना खालच्या ओठाची आतली कातडी जाळतो. सुपारीने गालाची आतली बाजू कडक होत जाते, तोंड उघडेनासे होते. निरोगी तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात. माझ्यासमोर विशीतल्या ट्रंपेटवाल्याची दोनही मावली नाहीत. त्याला मी काय शिकवणार होतो? त्याला दवाखान्यात पाठवले, कारण पुढे त्यातून कर्करोगही होतो. ज्याच्या गालाला लवचीकपणाच उरला नाही त्याचे कोपरे धरणार कसे?

तिसरे, विश्रांती. जेवढा वेळ वाजवले तेवढाच वेळ ओठ मोकळा, हा सरावातला जुना नियम आहे. वरातीत तो तंतोतंत पाळता येणार नाही, मान्य. पण दोन ट्रंपेट असतील तर दोघांनी एकाच वेळी वरच्या पट्टीत वाजवत राहण्याची गरज नाही. मुखडा एकाने, अंतरा दुसऱ्याने घ्यावा. मधले तुकडे क्लॅरिनेट आणि युफोनियमला द्यावेत, त्यांनाही वाव मिळेल. वाजवणे संपले की वाद्य तडक पेटीत टाकू नये. खालचे दोन-तीन सूर अगदी हळू, लांब धरून वाजवावेत, ओठातले रक्त फिरू लागते. रात्री थोडे तूप किंवा खोबरेल लावावे. आणि ओठ बधिर झाला, एका बाजूने हवा गळू लागली, एकाच जागी टोचल्यासारखे दुखू लागले, तर त्या दिवशी वाजवणे बंद. तिथे हिंमत दाखवायची नाही.

आपल्या वाचकांतही वरात काढणारे बरेच असतील. तुम्ही पैसे मोजता, नाचायचा तुम्हाला हक्क आहे. पण कार्यालयाच्या दारात नवरदेवाला अर्धा तास अडवून, एकच गाणे सहाव्यांदा, तेही "अजून वर, अजून वर" म्हणत वाजवून घेता तेव्हा समोरच्या पोराच्या तोंडाकडे एकदा बघा. माऊथपीस बाजूला केल्यावर त्याच्या ओठावर गोल वळ उमटलेला दिसेल. तो वळ जांभळट असेल तर त्याला दहा मिनिटे बसू द्या, पाणी द्या. नोटा ओवाळताना त्याच्या ट्रंपेटला धक्का देऊ नका. वाजवता वाजवता मागून कुणाचा कोपर लागला तर पितळ सरळ दातावर येते. 1966 मध्ये मारहाणीत अमेरिकन ट्रंपेटवादक चेट बेकर यांच्या दातांना इजा झाली आणि पुढे कवळी बसवून त्यांना सगळे वादन पहिल्यापासून शिकावे लागले, त्यात वर्षे गेली. दात हलला की ओठाची बैठकच मोडते. आमच्या पोरांना परत शिकायला वर्षे कोण देणार?

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत सुपाऱ्या कमी असतात. मालकांनी या दिवसांत सकाळचा अर्धा तास ट्रंपेटवाल्यांना द्यावा. गाणी नकोत, कळाही नकोत. आधी ओठांची भुणभुण, मग माऊथपीसवर, मग हळू आणि लांब सूर, मग सा-प-सा. कुणाला दाखवून हवे असेल तर रविवारी सकाळी पोरे माझ्याकडे पाठवा, मी पैसे घेत नाही. पत्ता आपल्या मिरज कार्यालयात देऊन ठेवतो. येताना प्रत्येकाने स्वतःचा माऊथपीस आणि छोटा आरसा आणावा, तोंडात मावा नसावा. छायाचित्रातला तो पोरगा कोणत्या बँडचा आहे हे आपल्या छायाचित्रकाराला आठवत असेल तर त्याच्या मालकाला हा अंक आवर्जून द्यावा.

आपला नम्र,
एक निवृत्त ट्रंपेटवादक, मराठा लाइट इन्फंट्री
मिरज, जि. सांगली